विडा लागेपर्यंत वाहिलेलं पाणी

नाना, काल सकाळी नव्या विहिरीच्या नळाशी मी तुमच्यासारखा मांडी घालून बसलो. नळ सोडला आणि तुमची चंची उघडली. पान धोतराला पुसलं, देठ खुडला, चुना लावला, कात लावला, अडकित्त्यानं सुपारी कातरली. चुना जास्त झाला, जीभ अजून भाजते आहे. पण विडा तोंडात जाईपर्यंत नळाखाली पेला धरला नाही.

इंजिनाला तेल घालणारा आपला छोटेलाल मागे उभा होता. म्हणाला, "बाबू, पान खाना सीख गए?"

मी म्हटलं, "पानी देखना सीख रहा हूँ."

तो तेलाची बुधली घेऊन इंजिनाकडे वळला. तुमच्या जागेवर कुणी बसलेलं त्यालाही बघवत नसावं.

पेला भरला तेव्हा पाणी गोरं होतं. तुमचाच शब्द. वीजघरातल्या पाण्याच्या रंगांना तुम्ही नावं ठेवली होती: गोरं, धुवण, चहा, काढा. मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात रजिस्टरात इंग्रजीत 'किंचित पिवळसर' असं लिहिलं. तुम्ही अर्थ विचारलात, मी सांगितला, आणि तुम्ही म्हणालात, "किंचित म्हणजे किती बे? धुवण का चहा? तुह्या किंचितनं मी पंप बंद करू का चालू ठेवू?" सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून रागावलो होतो. आमच्या अख्ख्या घराण्यात पहिला बी.एस्सी. झालेला मुलगा मी, आणि माझ्या पहिल्याच नोंदीवर हसू.

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. चेरीताल मोहल्ल्यातल्या आपल्या मराठी मंडळींनी हस्तलिखित अंकासाठी तुमच्यावर चार ओळी लिहून मागितल्या आहेत. चार ओळींत तुमचं घराणं, जन्मगाव, नोकरीची वर्षं बसली असती. ते दुसरं कुणीतरी लिहील. मला वेगळंच सांगायचं आहे, आणि आजच सांगायचं आहे. काल संध्याकाळी वीजघरातलं मोठं इंजिन माझ्या शब्दावर बंद झालं. उद्या सकाळी त्याचं खालचं झाकण उघडतील. तोवर गावातले दिवे, बर्फाचा कारखाना आणि दवाखाना एकट्या धाकट्या इंजिनावर आहेत, आणि दिवस वैशाखाचे आहेत. साहेबांनी मला एकच विचारलं, "पक्का?" मी हो म्हटलं. ते म्हणताना टेबलाला टेकून उभा होतो.

अंक वाचणाऱ्यांना आपलं काम ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगतो. इंजिन दिवसभर तापतं. त्याच्या अंगाला बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, दुहेरी भिंत आहे आणि त्या दोन भिंतींमधून पाणी फिरतं. ते गरम होऊन बाहेर येतं, लाकडी जाळीवरून गळत हौदात पडतं, गार होतं आणि पुन्हा आत जातं. वाफ होऊन उडतं तेवढं विहिरीतून भरून काढायचं. हे पाणी सांभाळणं तुमचं काम आणि ते तपासणं माझं. एकाच पाण्यापाशी दोन माणसं बसवली की भांडण ठरलेलं, असं तुम्हीच म्हणायचात.

पण सुरुवातीला भांडण नव्हतं. मी वारासिवनीहून आलो तेव्हा माझ्याकडे एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि डिग्रीचा कागद होता. वडील कोष्टी. माग सोडून त्यांनी कधी दुसरं काही पाहिलं नाही. गोहलपुरात खोली घेतली ती तुमच्या ओळखीनं. पहिल्या रविवारी तुम्ही मला चेरीतालला घरी नेलंत, आणि काकूंनी गोळाभात वाढला. मी लाजून थोडंच घेतलं, तर तुम्ही म्हणालात, "काहून लाजून राहिला? वीजघरात मी तुले बाबूजी म्हणन, इथं तू गणपत. आन गणपत दोन गोळे खाते." त्या दिवसापासून दर रविवारचं माझं जेवण तुमच्याकडे ठरून गेलं. त्याबद्दल मी कधी एक शब्द बोललो नाही. आमच्याकडे आभार मानायची रीत नाही, आणि कॉलेजात शिकलो ती रीत तुमच्यासमोर वापरायची लाज वाटली.

विड्याची गोष्ट तुम्ही मला तिसऱ्या दिवशी शिकवलीत. मी नळ उघडून बाटली धरली. तुम्ही माझं मनगट धरून बाजूला केलंत.

"हे पाणी कुठलं?"

"विहिरीचं."

"नाही. हे नळाचं. रातभर नळात निजलं हाय. विहिरीचं अजून यायचंच हाय."

आणि तुम्ही बसून विडा लावलात. मी घड्याळ काढलं, तर म्हणालात, घड्याळ बघणारा माणूस घाई करतो, पान लावणारा करत नाही. मग पेल्यात चिमूटभर कात टाकलात. पाणी विटकरी झालं. "साधं हाय," म्हणालात. त्यात लोखंड असतं तर कात काळपट हिरवा झाला असता. मी खोलीवर येऊन माझ्या औषधांनी ताडून पाहिलं. तुमचा कात आणि माझी औषधाची शिशी एकच सांगत होते. तुमचे आजे नागपूरकरांच्या फौजेबरोबर घोड्यांना नाल ठोकायला इकडे आले होते. लोखंड कुठं कसं खराब होतं हे तुमच्या घरात तीन पिढ्या बोललं जात होतं. माझ्या घरात सूत बोललं जायचं. वडील एकदा मला भेटायला आले तेव्हा तुम्ही दोघं ओट्यावर बसून तासभर बोललात, कारण त्यांनाही ठाऊक होतं की लोखंडाच्या पाण्यात रंगवलेलं सूत बुडवलं तर काळवंडतं. मी मध्ये बसलो होतो आणि मला वाटत होतं, हे दोघं बी.एस्सी. झाले असते तर मी कुठं असतो.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो त्या गोष्टीकडे येतो.

दीड वर्षापूर्वी मोठं इंजिन जास्त तापू लागलं. इथल्या पाण्यात चुना फार. दुहेरी भिंतीच्या आत त्याचा पांढरा थर बसला होता. मी साहेबांना लिहून दिलं की पातळ तेजाब, म्हणजे ॲसिड, फिरवलं तर थर निघून जाईल. माझ्या नोकरीतला तो पहिला मोठा कागद. साहेबांनी मंजूर केला. तेजाबाची बरणी ओतत होतो तेव्हा तुम्ही येऊन उभे राहिलात.

"काय टाकून राहिला त्यात?"

"तेजाब. थर निघेल, इंजिन गार राहील."

"निघंल ना. मग लोखंड काय पांघरंल?"

मी म्हटलं, "नाना, लोखंडाला थंडी वाजत नाही."

"त्याले नाही वाजत. पाण्याले भूक लागते. चुना खाऊन पोट भरलेलं पाणी गप राहते, बाबूजी. ह्याच्यानंतर ते इंजिनाले खाईल."

मी हसलो. 'बाबूजी' शब्दावर तुम्ही जोर दिलात म्हणजे रागावला आहात, हे मला कळलं होतं, तरीही हसलो. तुम्ही तेवढ्यावरच थांबला नाहीत. म्हणालात, टाकायचंच तर टाक, पण नंतर चुन्याच्या पाण्यानं तीनदा धू, खालच्या झाकणाशी खोबण आहे, तिथं तेजाब साचून राहतं. मी एकदा धुतलं. साहेबांना इंजिन लवकर हवं होतं आणि मला साहेबांना 'झालं' म्हणायची घाई होती.

इंजिन गार राहू लागलं. माझं कौतुक झालं. तुम्हीसुद्धा रविवारी म्हणालात, "चलो, गार त झालं." आणि त्याच दिवशी बिडाबद्दल बोललात. बीड मरतं, पण उभं राहतं, असं म्हणालात. बाहेरून साबूत दिसतं, आकार तसाच, भोक नाही, तडा नाही. चाकू लावला तर खडूत शिरावा तसा आत जातो. तुमच्या तरुणपणी एक जुना पंप असा पाहिला होतात. मी म्हटलं, माझ्या पुस्तकात असं काही नाही. तुम्ही भाताचा गोळा कालवत म्हणालात, "नसंल. मावलं नसंल." मग काकूंनी विषय बदलला. तो वाद तिथंच राहिला.

यंदा होळीनंतर हौदातलं पाणी रंगू लागलं. आधी धुवण, मग चहा. साहेबांनी मला कारण विचारलं. नाना, लाल पाण्याला कारणं थोडीच असतात, हे मला पहिल्या वर्षापासून येत होतं. एक तर बाहेरून लाल येतं, विहिरीच्या मातीतून, किंवा आत लाल होतं. बाहेरून येत असेल तर विहीर दोषी. आत होत असेल तर इंजिन झिजतं आहे. इंजिन झिजतं आहे म्हणजे माझा तेजाबाचा कागद. एवढं मला पाणी न तपासताच समजलं होतं. आणि मी मनातल्या मनात ठरवलं की ते विहिरीतूनच येत असणार.

नवी विहीर तुम्ही सुचवली होती. जागा तुम्ही दाखवली होती, साहेबांशी त्यासाठी भांडला होतात. मी सोमवारी सकाळी तिथं नमुना घ्यायला गेलो. शनिवारपासून पंप बंद होता. लांबलचक लोखंडी नळात पाणी दोन दिवस पडून होतं. साहेब शेजारी उभे होते. त्यांच्यासमोर खाली बसून पान लावायचं, हे मला जमलं नाही. मी नळ उघडला आणि पहिली धार बाटलीत घेतली. त्यात माझं औषध टाकलं. बाटली रक्तासारखी लाल झाली.

मला हायसं वाटलं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. घाबरलो नाही, शंका आली नाही, हायसं वाटलं.

त्याच दुपारी तुम्ही मला हौदाच्या कडेला गाठलंत. हळूच विचारलंत, "गणपत, धार सोडली होती का?"

"सोडली होती."

"किती?"

"पुरेशी."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि निघून गेलात. साहेबांकडे जाऊन एक वाक्य बोलला असतात तर सगळं उलटलं असतं. का बोलला नाहीत? मला वाचवलंत, की मी आपणहून बोलेन म्हणून वाट पाहिलीत? वीजघरात तुम्ही मला पहिल्यांदा गणपत म्हणालात ते त्या दिवशी.

माझ्या कागदावरून नवी विहीर बंद झाली. ती तुम्ही सुचवलेली, म्हणून पाण्याचं काम तुमच्याकडून काढलं आणि तुम्हाला स्टोअरमध्ये नटबोल्टांच्या पेट्या राखायला बसवलं. हौद धुवून जुन्या विहिरीच्या पाण्यानं भरला. पाणी गोरं झालं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी स्टोअरवरून जाताना तुम्ही आतूनच म्हणालात, "हौद धुतला त कोणतंही पाणी चार रोज गोरंच राहते." मी न ऐकल्यासारखं केलं. त्या रविवारी जेवायला आलो नाही. पुढच्याही नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाणी पुन्हा चहा झालं, आणि त्याच आठवड्यात तुम्ही तापानं पडल्याचं छोटेलालनं सांगितलं. "बाबू, हो आओ एक बार," म्हणाला. "पूछ रहे थे."

मी आलो. तुम्ही वरच्या खोलीत खाटेवर होतात. काकूंनी तुमच्या उशाला ओला फडका ठेवला होता. तुम्ही इतके बारीक झाला होतात की पांघरुणाखाली माणूस आहे असं वाटेना. मी काय बोलावं हे जिन्यात ठरवून आलो होतो. सगळं सांगणार होतो. तुम्ही आधी विचारलंत.

"पाणी कसं हाय?"

"गोरं आहे, नाना."

तुम्ही डोळे मिटलेत. "अच्छा," म्हणालात. थोड्या वेळानं म्हणालात, "मग माहंच चुकलं."

मी काकूंना औषधाचं विचारलं, उन्हाचं बोललो आणि उठलो. त्या दिवशी माझ्या सदऱ्याच्या उजव्या बाहीवर हौदाच्या पाण्याचा तांबडा डाग होता. तो मला खाली गल्लीत आल्यावर दिसला. तुमची नजर तिथं गेली होती की नाही, याचा मी तेव्हापासून विचार करतो आहे. गेली नसेल तर तुम्ही स्वतःला चुकलेलं समजून गेलात. गेली असेल तर तुम्ही मला खोटं बोलताना पाहून गेलात. ग्वारीघाटावर तुम्हाला पोहोचवायला आलो तेव्हाही मनात हेच चाललं होतं. लोक रामनाम घेत होते आणि मी बाही दुमडून उभा होतो.

परवा काकूंना भेटायला आलो. त्यांनी कोनाड्यातून तुमची चंची काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

"हे तुम्ही न्या."

"मला कशाला, काकू? घरात राहू द्या."

"त्याइनंच सांगितलं होतं. तुम्ही आले होते ना, त्याच रोजी. तुम्ही जिना उतरले आन म्हणले, चंची गणपतले देजो. त्याले लागन."

मी ती घेतली. खोलीवर येऊन उघडली. पानं वाळून गेली होती. काताची डबी काठोकाठ भरलेली होती. खाटेवर पडलेल्या माणसाची काताची डबी कुणी भरली, हे काकूंना विचारायचा धीर झाला नाही.

काल मी तीन पेले घेतले. तिन्ही काचेचे, तुम्ही म्हणायचात तसे, लोखंड शोधायला लोखंडाचं भांडं नको. नवी विहीर साहेबांना विचारून तेवढ्यापुरती चालू करून घेतली. पहिला पेला तिथला. दुसरा हौदाचा, इंजिनात शिरण्याआधीचा. तिसरा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या नळाचा. प्रत्येक ठिकाणी एक विडा. तिसऱ्या विड्याला सुपारी खाली सांडली, ती वेचून घेतली. साहेब जिन्यावरून पाहत होते. मी उठलो नाही.

विहिरीच्या पाण्यात कात विटकरी राहिला. हौदाच्या पाण्यात जरा काळवंडला. तिसऱ्या पेल्यात आधी ओल्या शेवाळासारखा झाला आणि बघता बघता शाई झाली. छोटेलाल वाकून बघत होता. म्हणाला, "यह तो इंजन का खून है." मी माझ्या शिशीनं तपासलं. तीच गोष्ट. पाणी बाहेरून लाल येत नव्हतं. आत जाऊन लाल होत होतं.

साहेबांना मी तीन पेले दाखवले आणि इंजिन बंद करायला सांगितलं. भिंत आतून फुटली तर पाणी तापलेल्या पोटात शिरेल, इंजिन दुभंगेल आणि शेजारी छोटेलाल किंवा दुसरा कुणी असेल, हेही सांगितलं. तेजाबाचं सांगितलं नाही. पहिल्या धारेचंही नाही. उद्या सांगावं लागेल.

नाना, मला भीती वाटते. उद्या झाकण उघडल्यावर आत सगळं ठणठणीत निघालं, तर भर वैशाखात दवाखाना धाकट्या इंजिनावर टाकून मी एका चंचीपायी गाव वेठीला धरलं असं होईल. भिंत खराब निघाली, तर ती मीच खराब केली. दोन्हीकडून नोकरी जाईल. वारासिवनीला दोन भाऊ शाळेत आहेत. वडील अजून कुणी भेटलं की माझं नाव सांगायच्या आधी डिग्री सांगतात. तुम्ही बरोबर निघावं असं मला मनापासून वाटतं, आणि तुम्ही बरोबर असाल याचीच धास्ती आहे. आजवर माझ्या प्रत्येक भीतीवर तुमच्याकडे एखादं टोमण्याचं वाक्य असायचं. आज कान देऊन बसलो आहे. बाहेर फक्त धाकट्या इंजिनाचा आवाज येतो आहे, आणि तो मध्येच अडखळला की मीही अडखळतो.

*

इथवर काल लिहिलं. आता बाराव्या दिवसाची दुपार आहे. काकूंकडे जेवायला बोलावणं आहे, पण आधी हे पुरं करतो.

सकाळी झाकण उघडलं. फिटरनं दिवा आत धरला. भिंत साबूत होती. गुळगुळीत, काळी, कुठं भोक नाही, तडा नाही. साहेबांनी वाकून पाहिलं, हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "यह तो ठीक है."

फिटर पाना हातात घेऊन माझ्याकडे बघत होता, म्हणजे बंद करू का असं. मी मान हलवणारच होतो. तेवढ्यात खालच्या झाकणाजवळची खोबण दिसली, तुम्ही सांगितलेली, आणि तुमचा भाताचा गोळा कालवणारा हात आठवला. आकार तसाच, भोक नाही, तडा नाही.

मी चंचीतला अडकित्ता काढला, त्याचं टोक भिंतीला लावलं आणि दाबलं. ते आत गेलं. बोटाच्या एका पेराएवढं, काही आवाज न करता.

छोटेलाल हळूच "राम राम" म्हणाला.

साहेबांनी अडकित्ता माझ्या हातातून घेतला आणि स्वतः तीन ठिकाणी दाबून पाहिलं. दोन ठिकाणी गेला. अडकित्त्याचं टोक उकिडवे बसूनच दिव्याशी धरून पाहिलं. मग विचारलं, "किसने बताया था?"

"नाना ने. डेढ़ साल पहले."

"और तेज़ाब?"

"मैंने. धोया भी एक ही बार. नाना ने तीन बार कहा था." आणि थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून पुढं म्हणालो, "कुएँ का पानी भी साफ था. नल की पहली धार मैंने ली थी."

साहेब उठले, हात पुसले. "लिखकर दो," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, रजिस्टरात नानांच्या नावापुढं स्टोअरला हलवल्याचा जो शेरा आहे तो खोडावा. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

तेजाबानं किती खाल्लं आणि आधीचं जुनं किती होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तुम्ही सांगू शकला असतात. माझ्या नोकरीचं काय होणार तेही कळलेलं नाही. मोठं इंजिन महिनाभर तरी बंद राहील, आणि धाकटं एकटं ओढतं आहे. नवी विहीर आजपासून चालू झाली. तिच्या नळापाशी छोटेलालनं एक फरशी आणून टाकली. मी विचारलं कशाला, तर म्हणाला, "बैठने के लिए. पान खड़े-खड़े थोड़े ही लगता है."

अडकित्त्याच्या टोकाला त्या मेलेल्या बिडाचा एक तुकडा लागून आला होता. तो मी खिशात घेऊन आलो. बोटांना काळं लागतं, कागदावर ओढला तर पेन्सिलीसारखी रेघ उमटते. हे मला नव्यानं कळलं, पुस्तकात नव्हतं. साहेबांना लिहून द्यायचा कागद समोर आहे. तो शाईनं लिहीन. त्याआधी खाटेवरून तुम्ही जे विचारलं होतं, त्याचं उत्तर या अंकाच्या पानावर त्या तुकड्यानं लिहितो आहे. अक्षर फिकट आलं तर वाचणाऱ्यांनी पान उजेडाकडे धरावं.

पाणी लाल होतं, नाना.